मेरिल स्ट्रीप : तुमचे आवडते सिनेमे कोणते आणि का?

दुपारचा_शो

मंडळी, मेरिल स्ट्रीपवर इथे वेगळा धागाच नाही, म्हणून हा काढते आहे. ऑस्करच्या धाग्यांवर तिचं नाव दरवर्षी निघतं, पण ते आकड्यांपुरतं. २१ नामांकनं, ३ पुरस्कार. मग कुणीतरी लिहितं, "अ‍ॅक्सेंट काय करते बाई!" त्याला दहा जण +१ देतात आणि चर्चा दुसऱ्या नटीकडे सरकते.

माझं म्हणणं जरा वेगळं आहे. तिच्या गाजलेल्या सिनेमांतल्या बायका एका ओळीत उभ्या करून बघा. मुलाला सोडून जाणारी आई. मूल गमावूनही टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर न रडणारी आई. असिस्टंटच्या टेबलावर रोज कोट भिरकावणारी संपादक. शाळेला धाकात ठेवणारी नन. मार्गारेट थॅचर. यातली एकही पहिल्या भेटीत आवडावी अशी नाही. दुसरी एखादी नटी अशा भूमिकेत एक तर दात-ओठ खाते, नाहीतर अधूनमधून डोळ्यांत पाणी आणून "मी तशी वाईट नाही हो" असं प्रेक्षकाला कळवत राहते. स्ट्रीप दोन्ही करत नाही. ती त्या बाईचं वकीलपत्र घेते आणि बाजू मांडून मोकळी होते. पटलं तर बघा, नाहीतर राहिलं.

'क्रेमर व्हर्सेस क्रेमर' (१९७९) घ्या. सिनेमा सुरू होतो तोच जोआना पोराला झोपवून, बॅग भरून घराबाहेर पडते. पुढे कितीतरी वेळ पडद्यावर बाप आणि मुलगाच. करपलेले फ्रेंच टोस्ट, शाळेची घाई, बागेत पडून झालेली जखम. ती परत येते तोवर थिएटरातल्या प्रत्येकाने तिला मनातल्या मनात शिक्षा ठोठावलेली असते. स्ट्रीपला पटकथा वाचतानाच हे खटकलं होतं. ही बाई घर सोडून का गेली, याचा कुणी विचारच केलेला नाही, असं तिचं म्हणणं पडलं. दिग्दर्शक रॉबर्ट बेंटनने तिला सांगितलं की कोर्टातली जोआनाची जबानी तूच लिही. सिनेमात आज जे ऐकू येतं ते बरंचसं तिचं आहे. तिने ते लिहिलं तेव्हा ती तिशीलाही पोचली नव्हती, आणि समोर डस्टिन हॉफमनसारखा नाणावलेला नट होता.

त्या जबानीत ती नवऱ्याला राक्षस ठरवत नाही. मी गेले तेव्हा माझी अवस्था काय होती आणि आज काय आहे, एवढंच सांगते. शब्द शोधत, मध्ये थांबत. आपण ठोठावलेली शिक्षा तिथेच डळमळायला लागते. त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त कमाई याच सिनेमाने केली, हे विशेष. ना गोळीबार, ना अंतराळयानं, नुसता एक घटस्फोटाचा खटला.

आता तुमची पाळी. नुसती यादी नको, कारणंही लिहा.

कोथिंबीरवडी

आधी धाग्याला पोच. सविस्तर लिहीन, पण 'द डेव्हिल वेअर्स प्राडा'वर पहिला हक्क माझा. कुणी हात लावू नका.

शंकासुर

विरोधी पक्षाची खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसतो.

स्ट्रीप थोर आहे याबद्दल वाद नाही. पण तिचं काम बघताना 'काम चाललंय' हे मला कायम दिसतं. भरतकामाची उलटी बाजू वर करून दाखवल्यासारखं, प्रत्येक गाठ मोजता येते. हे माझं एकट्याचं मत आहे असंही नाही. पॉलीन केल या जबरदस्त समीक्षक बाईने 'सोफीज चॉइस'च्या वेळीच लिहून ठेवलंय की सिनेमा बघून आल्यावर स्ट्रीप मानेच्या खाली डोळ्यांसमोर येतच नाही. म्हणजे सगळा अभिनय चेहऱ्यात आणि उच्चारांत.

'आउट ऑफ आफ्रिका' (१९८५) बघा. ही जिची भूमिका करत होती त्या डॅनिश लेखिकेच्या, कॅरन ब्लिक्सेनच्या, ध्वनिमुद्रणांवरून डॅनिश उच्चार घोटून आली. समोर रॉबर्ट रेडफर्ड इंग्रज उमरावाचं काम करतोय, तो सरळ आपल्या रोजच्या अमेरिकन बोलीत. दिग्दर्शक सिडनी पोलॅकनेच त्याला इंग्रजी उच्चारांच्या नादी लागू नकोस असं सांगितलं होतं. परिणाम काय? रेडफर्ड केनियाच्या त्या डोंगरांत मजेत वावरतो, आणि ही प्रत्येक वाक्य परीक्षेला बसल्यासारखं बोलते. सात ऑस्कर मिळाले त्या सिनेमाला, पण त्यात तिचं नव्हतं.

दुपारचा_शो

शंकासुर, तुम्ही येणार हे ठाऊक होतं. :) केलबाईंना उत्तर देणार आहे, पण आधी बाकीच्यांना बोलू दे.

तूर्त एकच. तो रेडफर्डने नदीकाठी तिचे केस धुण्याचा प्रसंग आठवतोय ना? पाणघोड्यांचे आवाज येताहेत, तो कविता म्हणत डोक्यावर पाणी ओततोय. तिथे तिला वाक्य जवळपास नाहीच. मान मागे टाकून नुसती बसली आहे. तिथे कसली परीक्षा दिसली तुम्हाला?

जुना_प्रोजेक्टर

मी जरा मागे नेतो, कारण तरुण मंडळींना ती थेट 'प्राडा'त जन्मली असं वाटतं.

जन्म १९४९चा, न्यू जर्सीतला. व्हॅसार कॉलेज, मग येलची नाट्यशाळा, मग न्यूयॉर्कचं रंगमंच. सिनेमात यायला सत्ताविशी उलटली. त्याच सुमारास 'किंग काँग'च्या नायिकेसाठी ती दिनो दे लॉरेंतिसला भेटायला गेली होती. निर्मात्याने मुलाकडे वळून इटालियनमध्ये विचारलं की ही कुरूप बया कशाला आणलीस. बाईंनी कॉलेजात इटालियन शिकलेलं होतं. तिने त्याच भाषेत शांतपणे सांगितलं की हवी तेवढी सुंदर नसल्याबद्दल माफ करा, पण आहे हे असं आहे. हा किस्सा तिने पुढे स्वतःच टीव्हीवर रंगवून सांगितला आहे.

'द डिअर हंटर' (१९७८) तिने का केला, तेही माहीत असावं. जॉन कझाल, म्हणजे 'गॉडफादर'मधला फ्रेडो, हा तेव्हा तिचा जोडीदार. त्याला फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. त्या सिनेमात दोघंही आहेत. तिची भूमिका तशी त्रोटक, गावात मागे राहिलेली मुलगी, एवढीच. पण त्यामुळे त्याच्यासोबत राहता येणार होतं. सिनेमा लागायच्या आधीच, मार्च १९७८मध्ये कझाल गेला. त्याने आयुष्यात पाचच पूर्ण लांबीचे सिनेमे केले आणि पाचही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्कर नामांकनात होते. असा दुसरा नट मला तरी माहीत नाही.

त्याच वर्षी ती 'क्रेमर'च्या सेटवर उभी होती. हॉफमनने पहिल्याच प्रसंगात, कॅमेरा चालू असताना तिला खरोखरची थप्पड मारली. हे तिने २०१८मध्ये मुलाखतीत सांगितलं आणि हे मर्यादा ओलांडणं होतं, असं स्पष्ट म्हटलं. हॉटेलातल्या प्रसंगात तो वाइनचा ग्लास भिंतीवर फोडतो, त्याचीही तिला पूर्वकल्पना नव्हती. ती दचकते ते खरंच दचकते. ताई म्हणतात ती कोर्टातली जबानी या सगळ्यानंतरची आहे, एवढं लक्षात ठेवून पुन्हा बघा.

डोंबिवली_फास्ट_लोकल_नव्हे

हा 'क्रेमर' म्हणजे आपल्या आमिर-मनीषाच्या 'अकेले हम अकेले तुम'चा मूळपुरुष ना? माझ्या पिढीने ती गोष्ट आधी गाण्यांसकट बघितली. :D

जुना_प्रोजेक्टर

तोच. मात्र हिंदीत बाई गायिका होण्यासाठी घर सोडते, म्हणजे कारण सुरुवातीपासून प्रेक्षकाच्या हातात. मूळ सिनेमात ते कारण तिला स्वतःलाच नीट मांडता येत नाही. सगळी गोम तिथे आहे.

मेलबर्नची_मावशी

दुपारचा_शो, 'टीव्हीसमोर न रडणारी आई' असं एका ओळीत उरकलंस, म्हणून लिहिते. 'अ क्राय इन द डार्क' (१९८८) भारतात फार लोकांनी बघितलेला नाही. इथे ऑस्ट्रेलियात मात्र तो वेगळ्या नावाने लागला, 'ईव्हिल एंजल्स'. आजही हा विषय काढला की वयस्कर माणसं दोन तट पाडून बोलतात.

घटना खरी. ऑगस्ट १९८०मध्ये लिंडी आणि मायकल चेंबरलेन हे जोडपं मुलांना घेऊन उलुरूला, म्हणजे तेव्हाच्या एअर्स रॉकला तंबू ठोकून राहिलं होतं. रात्री नऊ-दहा आठवड्यांची अझारिया तंबूतून नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने, बाळ नेलं असं लिंडी पहिल्या क्षणापासून सांगत होती. लोकांनी ऐकलं नाही. कारण काय, तर ती टीव्हीवर हवी तशी कोसळली नाही. नीटनेटके कपडे करून आली, प्रश्नांना कोरडी उत्तरं दिली. त्यात दोघं सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना अनोळखी पंथ. मग बळी दिला वगैरे अफवा सुटल्या. गाडीत बाळाचं रक्त सापडल्याचा पुरावा आला. १९८२मध्ये तिला जन्मठेप झाली. तुरुंगात असताना तिला आणखी एक मुलगी झाली.

पुढे ते 'रक्त' म्हणजे गाडीच्या पत्र्याला आवाज दाबण्यासाठी मारतात तो फवारा निघाला. १९८६मध्ये बाळाचं हरवलेलं जाकीट डिंगोंच्या वावराच्या जागी सापडलं आणि लिंडी सुटली. शिक्षा १९८८ला रद्द झाली. डिंगोनेच बाळ नेलं, असा शिक्कामोर्तब करणारा निकाल यायला २०१२ उजाडलं. बत्तीस वर्षं!

स्ट्रीपने काय केलं? तिने लिंडीला एका जागीही गोड केलेलं नाही. तो काळा बाउल कट, तो चिरका स्वर. लिंडी मूळची न्यूझीलंडची, त्यामुळे उच्चार धड ऑस्ट्रेलियनही नाहीत, आणि स्ट्रीपने ती भेसळ बरोब्बर पकडलीय हे मी इथल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. कोर्टात ती वैतागते, वकिलावर खेकसते. आपल्यालाही क्षणभर वाटून जातं की बाई, जरा रड ना, सुटशील. आणि आपण असा विचार केला म्हणजे आपणही त्या जमावातच उभे आहोत. कान चित्रपट महोत्सवात या कामासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

लोकप्रिय म्हणाल तर या यादीत तो बसणार नाही. पण तुझ्या वकीलपत्राच्या मुद्द्याला याहून भक्कम पुरावा नाही.

दुपारचा_शो

मावशी, हा प्रतिसाद मूळ लेखात चिकटवायला हवा. फवाऱ्याचं मला माहीत नव्हतं.

कोथिंबीरवडी

आता माझी पाळी.

'प्राडा' (२००६). सगळे जण मिरांडा प्रीस्टलीच्या क्रूरपणाबद्दल बोलतात. पण ती एकदाही आवाज चढवत नाही! 'व्होग' या फॅशन मासिकाच्या तेव्हाच्या संपादक अ‍ॅना विंटूरवरून पात्र बेतलंय म्हटल्यावर लोकांना नक्कल अपेक्षित होती. स्ट्रीपने आवाज उचलला क्लिंट ईस्टवुडचा. तो सेटवर कधी ओरडत नाही, म्हणून सगळे कान देऊन ऐकतात, असं तिने नंतर सांगितलं. हळू बोलणाऱ्या साहेबाची भीती ज्याने अनुभवली आहे त्याला यातलं मर्म कळेल.

आणि तो निळ्या स्वेटरचा प्रसंग! दोन जवळजवळ सारख्या बेल्टांवरून चर्चा चाललेली असते आणि नवी पोरगी फिसकन हसते. मिरांडा तिला काम करता करता सांगते की तुझ्या अंगातला हा ढगळा स्वेटर तू निवडलास असं तुला वाटतं, पण तो रंग काही वर्षांपूर्वी अमुक डिझायनरने आणला, मग तमुकने उचलला, मग तो मोठ्या दुकानांत झिरपला आणि शेवटी सवलतीच्या ढिगातून तुझ्यापर्यंत आला. याच खोलीतल्या माणसांनी तो तुझ्यासाठी निवडला होता. तोवर आपण त्या पोरीच्या बाजूने असतो. त्या दोन मिनिटांत कळतं की ही बाई नखरेल नाही, तिला तिचं काम पोटापासून येतं.

पॅरिसच्या हॉटेलातला बिनमेकअपचा प्रसंगही तिच्याच आग्रहाने आला. घटस्फोट होतोय, उद्याचे मथळे काय असतील ते तिला दिसतंय, डोळे सुजलेले आहेत, आणि तेवढ्यात ती बसायची व्यवस्था कुठे कशी करायची त्यावर येते. दुसऱ्या कुणी तिथे दोन मिनिटं हुंदके दिले असते.

पैशांचंही सांगते, कारण मला ते फार आवडतं. तिला आधी जे मानधन देऊ केलं ते तिला अपमानास्पद वाटलं. तिने नाही म्हटलं. त्यांनी दुप्पट केलं. स्वतःसाठी घासाघीस करायला मी पंचावन्नाव्या वर्षी शिकले, असं तिने पुढे सांगितलंय. सिनेमाने जगभरात ३२ कोटी डॉलरच्या वर गल्ला केला, म्हणजे घासाघीस कुणालाच महाग पडली नाही.

शंकासुर

'प्राडा'बद्दल तक्रार नाही. तिथे तंत्र दिसतं ते मिरांडाचं, स्ट्रीपचं नव्हे. ती बाईच आयुष्यभर भूमिका वठवते आहे.

पण मग 'मामा मिया!'चं काय? ती पण वकिली का?

कोथिंबीरवडी

'मामा मिया!'ला (२००८) काही बोलायचं नाही. पिअर्स ब्रॉस्ननच्या गाण्याबद्दल हवं ते बोला, मी मध्ये पडणार नाही.

अहो, साठीला टेकलेली बाई डुंगरी घालून पलंगावर उड्या मारते, धक्क्यावरून सगळ्या गावच्या बायकांची वरात घेऊन नाचत जाते आणि समुद्रात उडी घेते. हॉलिवूडमध्ये या वयाच्या नटीला काय काम मिळतं? नायकाची आई. तीही पहिल्या अर्ध्या तासात आजारी पडणारी. अमेरिकेत हा सिनेमा बॅटमनच्या 'द डार्क नाइट'च्या दिवशीच लावला होता आणि तरीही जगभरात ६० कोटी डॉलरच्या पुढे गेला. तो कुणी बघितला? माझ्या आईच्या वयाच्या बायकांनी.

यामागची एक गोष्ट आहे. २००१च्या सप्टेंबरातल्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्क सुन्न होतं. तेव्हा ती लेकीला आणि तिच्या मैत्रिणींना घेऊन ब्रॉडवेवर हेच नाटक बघायला गेली होती. बघून इतकं बरं वाटलं की तिने नाटकमंडळींना आभाराचं पत्र लिहिलं. सिनेमासाठी विचारणा झाली ती त्यानंतर काही वर्षांनी.

टेकडीवरच्या चॅपलकडे जाताना ती 'द विनर टेक्स इट ऑल' गाते ते मात्र सिनेमाच्या हलक्याफुलक्या अंगाला शोभणारं नाही. ते फारच खरं आहे.

जुना_प्रोजेक्टर

वयाच्या मुद्द्यात भर. चाळिशी गाठली त्या वर्षी तिच्याकडे चेटकिणीच्या तीन भूमिका आल्या होत्या. नायिकेचं वय संपलं, आता झाडू घे, असा तो निरोप. तिने चेटकीण करायची नाही असं ठरवून टाकलं आणि ते मोडलं थेट 'इन्टू द वुड्स'साठी, पासष्टीच्या आसपास. त्यातही नामांकन.

मधल्या काळात तिने 'डेथ बिकम्स हर' (१९९२) केला. तारुण्य टिकवायला संजीवनी प्यायलेली नटी, जिन्यावरून पडून मान उलटी फिरते तरी मरत नाही. तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली. स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर तेवढं मिळालं. आता बघा, आजच्या पोरांमध्ये त्याचे चाहते किती आहेत. चाळिशीतल्या नटीला हॉलिवूड काय वागणूक देतं, यावर त्या नटीनेच इतकं दणकून हसून घेतलेलं दुसरीकडे कुठे आहे?

आयोवा_वारकरी

वाचनमात्र असतो, पण 'द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी'चं (१९९५) नाव अजून आलं नाही हे बघून राहवलं नाही. मी दे मॉइनला राहतो, सिनेमातलं विंटरसेट गाव इथून तासाभराच्या आत. आपल्याकडचं कुणी भेटायला आलं की आयोवात दाखवायचं काय हा प्रश्न पडतो, मग सगळ्यांना रोझमन पूल दाखवायला नेतो. लाल रंगाचा, लाकडी, वरून छप्पर. छप्पर प्रेमिकांसाठी नाही, खालचे मोठे वासे पावसा-बर्फात कुजू नयेत म्हणून. छप्पर बदलणं स्वस्त पडतं. गोष्टीतला दुसरा, सीडर पूल २००२मध्ये कुणीतरी जाळला. पुन्हा बांधला, तर २०१७मध्ये पुन्हा जाळला. आता पुन्हा उभा आहे.

सिनेमाबद्दल : फ्रान्चेस्का ही इटलीतल्या बारीची, महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकाशी लग्न करून इथल्या शेतावर आलेली. इथल्या मक्याच्या शेतांत दुपार किती लांब असते ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. स्ट्रीप ते कसं दाखवते? हात सतत कुठेतरी. मानेवर, केसांत, पदराला चाळा असावा तसा कॉलरशी. परक्या माणसाला पाणी देताना ती दोनदा वाटेत थांबते. शंकासुर यांचा 'मानेच्या खाली' हा आरोप या सिनेमात टिकत नाही.

आणि पावसातला तो सिग्नल. पुढे त्या परक्या छायाचित्रकाराची, म्हणजे क्लिंट ईस्टवुडची गाडी, मागे नवऱ्याच्या ट्रकमध्ये ही. दाराच्या हँडलवर तिचा हात. सिग्नल हिरवा होतो, नवरा हॉर्न वाजवतो. संवाद जवळपास नाहीच, सगळं त्या हँडलवर आहे. मूळ कादंबरी विकली गेली लाखोंनी, पण ती मला वाचवत नाही. भाषा फार पाकातली. सिनेमाने तो पाक काढून टाकला.

दुपारचा_शो

आयोवा_वारकरी, माझं काम तुम्ही केलंत! केलबाईंना मी हेच उत्तर देणार होते. सोबत 'सिल्कवुड' (१९८३) जोडते. प्लुटोनियमच्या कारखान्यातली कामगार. किरणोत्सर्ग अंगाला लागला की सक्तीची अंघोळ घालतात, ताठ ब्रशने अंग घासून काढतात. त्या प्रसंगात चेहरा किती आणि शरीर किती, ते बघा. च्युइंगमची टकटक, कमरेवर हात ठेवून उभं राहणं, सहकाऱ्याच्या सँडविचचा घास परस्पर घेणं. एका वर्षापूर्वी ही सोफी होती यावर विश्वास बसत नाही. कॅरन सिल्कवुड १९७४मध्ये पत्रकाराला भेटायला जाताना गाडीच्या अपघातात गेली. तो अपघात होता का, हा प्रश्न सिनेमाही उघडाच ठेवतो. आणि तीही काही देवी नाही बरं का. नवऱ्यापासून वेगळी, मुलं त्याच्याकडे, तोंडाची फटकळ.

नवी_वाचक

'सोफीज चॉइस' कुणीच नीट सांगत नाहीये. बघावा का? घाबरते.

मेलबर्नची_मावशी

बघावा, पण एकटीने नको आणि रात्री नको. १९८२चा. भूमिका मिळवण्यासाठी ती दिग्दर्शक पाकुलाच्या पाठीच लागली होती, कारण त्याच्या मनात दुसरी नटी होती. पोलिश शिकली, आणि जर्मन बोलली ते पोलिश बाई बोलेल तसं. छळछावणीच्या फलाटावरचा 'तो' प्रसंग एकाच टेकमध्ये घेतला आणि ती पुन्हा करायला तयार झाली नाही. शंकासुर यांना तिथेही गाठी मोजता येत असतील तर नमस्कार. यापुढे सांगत नाही, तुझं तू बघ.

शंकासुर

फलाटावरच्या प्रसंगाबद्दल मी कधीच बोललो नाही, मावशी. ब्रुकलिनमधल्या पहिल्या तासाबद्दल माझी तक्रार होती, आणि ती आहे. दर वाक्यात इंग्रजी गोड गोड चुकवणं. 'ब्रिजेस' मान्य, 'सिल्कवुड' एकदम मान्य. मला ती अशीच आवडते, बोली जवळची असते तेव्हा.

उलट 'द आयर्न लेडी' (२०११) बघा. थॅचरचा आवाज, दात, केस, चाल, सगळं हुबेहूब. आणि सिनेमा? खाणकामगारांचा संप, फॉकलंडचं युद्ध, सगळं पत्त्यांसारखं पिसून टाकलं. सगळा भर स्मृतिभ्रंश झालेल्या म्हातारीवर. इथे तुमची वकिली उलटते, ताई. ज्या बाईच्या निर्णयांनी गावंच्या गावं बेकार झाली, तिच्या बाजूने युक्तिवाद काय, तर ती आता म्हातारी आहे आणि तिला मेलेला नवरा दिसतो. हे वकीलपत्र नाही, दयेचा अर्ज आहे. आणि याच कामाला तिसरं ऑस्कर, दुसऱ्यानंतर एकोणतीस वर्षांनी!

दुपारचा_शो

हे पटलं. पटकथेने पात्राकडून काही बोलवूनच घेतलं नाही तर नटी काय करणार. तरी एक बघा. दूध नासल्यासारखा चेहरा करून दुकानात दुधाच्या किमतीवर कुरकुरणारी ती सुरुवातीची म्हातारी, तिथे ती थॅचर आहे हे सांगावं लागतं. तेवढा भाग मला फार आवडतो.

ऑस्कर घेताना ती काय म्हणाली माहितीये ना? माझं नाव पुकारल्यावर अर्धी अमेरिका 'अरे देवा, पुन्हा हीच?' म्हणताना ऐकू आली. आणि नवऱ्यानंतर आभार मानले ते तिच्या केशरचना-मेकअपवाल्याचे, रॉय हेलंडचे. तो १९७०च्या दशकापासून तिच्यासोबत आहे. त्या रात्री त्यालाही मेकअपचं ऑस्कर मिळालं.

कोथिंबीरवडी

'ज्युली अँड ज्युलिया' राहिला! माझ्या नावाला जागून लिहिते. पाककृतींच्या पुस्तकांसाठी गाजलेली ज्युलिया चाइल्ड सहा फूट दोन इंच, स्ट्रीप साडेपाच फुटांच्या आसपास. उंच टाचा, बुटके ओटे, कॅमेऱ्याच्या कोनाची मदत. पण खरी उंची आवाजातून येते, तो वर चढत जाणारा हुंकार. पॅरिसच्या कॉर्डॉन ब्लू या पाकशाळेच्या वर्गात सगळे माजी सैनिक, हिचा कांदा सगळ्यात हळू चिरला जातो. मग घरी जाऊन ओट्यावर कांद्याचा डोंगर रचते, नवरा दारात येतो आणि डोळे चोळत परत फिरतो. सिनेमाची दुसरी अर्धी गोष्ट, ब्लॉगवाली, ती मी सरळ पुढे ढकलते.

जुना_प्रोजेक्टर

'डाउट'ची (२००८) चर्चा न होता धागा खाली जाऊ देऊ नका. ब्रॉंक्समधली कॅथलिक शाळा, १९६४. मुख्याध्यापिका सिस्टर अलॉयशियस. बॉलपेन वापरणं तिला अधःपतन वाटतं, चहातली साखरही खुपते. एका पाद्र्यावर तिला संशय येतो की त्याचे एका मुलाशी संबंध आहेत. पुरावा नाही, फक्त खात्री.

समोर फिलिप सेमूर हॉफमन. दिग्दर्शक जॉन पॅट्रिक शॅनली, त्याचंच नाटक. आणि मध्ये त्या मुलाच्या आईचा एक प्रसंग, व्हायोला डेव्हिस. थंडीत रस्त्यावर चालता चालता ती अशी काही बोलते की सिस्टर अलॉयशियसच्या तत्त्वांखालची जमीन सरकते. स्ट्रीप त्या प्रसंगात काय करते? ऐकते. स्वतःकडे कॅमेरा ओढून घेत नाही. पुढे एका पुरस्कार सोहळ्यात स्वतःचा पुरस्कार घेताना तिने मंचावरूनच ओरडून सांगितलं की कुणीतरी या व्हायोलाला सिनेमा द्या.

डोंबिवली_फास्ट_लोकल_नव्हे

काका, तो पाद्री दोषी होता की नव्हता?

जुना_प्रोजेक्टर

होता.

शंकासुर

नव्हता. नखं वाढवणं आणि 'फ्रॉस्टी द स्नोमॅन' हे पोरांचं गाणं आवडणं हा गुन्हा नाही.

मेलबर्नची_मावशी

लिंडी चेंबरलेनच्या देशात बसून मी याचं उत्तर देणार नाही.

नवी_वाचक

मावशी. :D

बरं, घरी सासूबाईंना दाखवायला कुठला घेऊ? इंग्रजी बेताचं आहे, सबटायटल वाचतात, आणि गाणं कळतं. गांधर्वच्या परीक्षा दिलेल्या आहेत.

कोथिंबीरवडी

मग 'फ्लोरेन्स फॉस्टर जेन्किन्स' (२०१६), डोळे झाकून. खरी बाई, न्यूयॉर्कची श्रीमंत, स्वतःला ऑपेरा गायिका समजणारी, आणि गळा असा की १९४४मध्ये कार्नेगी हॉलमध्ये लोक खुर्चीतून खाली पडले. ह्यू ग्रँट नवरा. स्ट्रीप लहानपणी शास्त्रशुद्ध गाणं शिकली आहे, त्यामुळे कुठल्या स्वरावरून किती घसरायचं ते तिला नेमकं ठाऊक आहे. सासूबाई पहिल्या तानेला रिमोट फेकतील, पण उठणार नाहीत. ऐकताना सबटायटलची गरजच नाही.

नवी_वाचक

धन्यवाद, रविवारी लावते. 'सोफी' मग पुढच्या महिन्यात.